तीन मिनिटं थांब ना!

फ्रीलान्सिंग सुरू केलं आणि पहिला साक्षात्कार झाला: ऑफिस सुटलं तरी ऑफिसची कॉफी सुटत नाही. मग काय, लॅपटॉप पाठीवर टाकून रोज कॅफे! महिनाअखेर हिशेब केला, तर एका अख्ख्या लेखाचं मानधन कपाकपानं पोटात गेलेलं. ते मानधन अजून खात्यात यायचंय, हे वेगळंच.

म्हणून ड्रिपर आणला. चिनी मातीचं नरसाळं, आत कागदी फिल्टर, बस्स. फंडा १९०८चा आहे. जर्मनीत ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीला कॉफीतला गाळ नकोसा झाला होता. तिनं पितळेच्या भांड्याला भोकं पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद आत घातला आणि काम फत्ते!

माझा पहिला कप मात्र कडूजहर. घरातली चिकोरीवाली बारीक पूड वापरली होती; पाणी खाली उतरेचना. आता चिकमगळूरच्या बिया आणते आणि जाड रव्याइतक्या दळते. १५ ग्रॅम पूड, २५० मिली पाणी. उकळी आली की अर्धा मिनिट थांबायचं. फिल्टर आधी गरम पाण्यानं धुवायचा, नाहीतर कागदाची चव येते. मग पूड भिजेल एवढंच पाणी घालून ३० सेकंद गप्प बसायचं. पूड फुगते, बुडबुडे येतात. भाजलेल्या बियांत अडकलेला कार्बन डायऑक्साइड असा निघून गेला, की पाणी नीट मुरतं. मग गोल गोल, बारीक धार. सगळं मिळून तीनेक मिनिटं. आंबट लागली तर पूड आणखी बारीक करा, कडू लागली तर जाड.

गेल्या रविवारी साताऱ्याहून बाबा आले. नोकरी सोडून चार महिने झालेत. त्यांना मात्र 'वर्क फ्रॉम होम' एवढंच माहीत. मी धार धरलेली, ते शेजारी उभे. या कॉफीची गोची अशी, की किटली टाकून पळता येत नाही.

"बाबा, मी नोकरी सोडलीय," मी फिल्टरकडे बघतच म्हटलं.

थेंब पडत राहिले.

"भाडं निघतं का?"

"निघतं. कसंबसं."

त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि दोन चमचे साखर घालून वर दूध ओतलं. एरवी मी किंचाळले असते. त्या दिवशी साखरेचा डबा मीच पुढे केला.

निघताना चपला घालत म्हणाले, "पुढच्या महिन्यात तुझ्या आईला पाठवतो. तिला सांगशील तेव्हा मात्र चहा कर."