हाड सापडले, पण कोठे?

आमच्या विभागातील काचेच्या कपाटात वरच्या फळीवर तळहाताएवढा एक तपकिरी दगड ठेवलेला आहे. दगड म्हणायचे ते वजनावरून. मूळचे ते हाड. मोडलेल्या कडेला बारीक छिद्रांची जाळी दिसते आणि जिभेला लावले तर किंचित चिकटते. शेजारी चिठ्ठी आहे : 'डायनोसॉरचे हाड. जि. चंद्रपूर.' दरवर्षी नवे विद्यार्थी ते हातात घेतात, 'सर, हे खरे आहे?' म्हणून विचारतात आणि मी 'अगदी खरे' म्हणून सांगतो.

ते आणले मीच. विद्यार्थिदशेत आमची सहल वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याला गेली होती. तेथे नांगरटीबरोबर असे तुकडे वर येतात. मी एक उचलला आणि खिशात घातला. कोणते शेत, कोणता उतार, आजूबाजूला आणखी काय पडले होते, यांतले मला आज काहीही सांगता येत नाही.

यंदा आमचे तृतीय वर्षाचे विद्यार्थी त्याच भागात जाणार आहेत आणि 'विभागाचा संग्रह वाढवू या' असा त्यांचा बेत आहे. उत्साहावर पाणी ओतणे हा मास्तरांचा जुना दोष. तो पत्करून मी म्हणतो की असा संग्रह वाढवू नये.

प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात पोचमपल्ली गावाजवळ १९६० च्या सुमारास कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरची हाडे खणून काढली. संख्याशास्त्राच्या संस्थेला हाडांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील; परंतु प्रा. महालनोबीस यांनी १९५७ मध्ये लंडनच्या डॉ. पामेला रॉबिन्सन यांच्या साहाय्याने तेथे भूशास्त्राचा विभाग उघडला होता. मोजून, मांडून, नोंदून ठेवण्याची सवय त्या घरात होतीच! मांडीचे सर्वांत मोठे हाड सुमारे एक मीटर सत्तर सेंटिमीटर भरले, म्हणजे तुमच्याआमच्या उंचीचे. १९७५ मध्ये प्राण्याचे नाव ठेवले 'बारापासॉरस टागोराय' : मोठ्या पायाचा, आणि रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीची आठवण म्हणून टागोराय.

मला त्या हाडांच्या आकाराचे तितके नवल वाटत नाही. नवल वाटते ते नकाशाचे. सुमारे २७६ चौरस मीटर जागेत जवळजवळ तीनशे हाडे पडली होती, निदान सहा प्राण्यांची. काही विखुरलेली, काही अजून सांध्यात जुळलेली, आणि त्यांच्यात झाडांचे मोठमोठे अश्मीभूत बुंधे. कोणते हाड कोठे व कसे पडले होते हे टिपलेले असल्यामुळेच पुढच्या अभ्यासकांना अनुमान करता आले की हा कळप एकदम, बहुधा पुराच्या लोंढ्यात, मेला असावा. कवटी सापडली नाही. तीन दात तेवढे मिळाले. आता कल्पना करा, त्या जागेवर आधी आमच्यासारखी एक सहल जाऊन आली असती तर? पन्नास खिशांत पन्नास तुकडे, आणि दात तर पहिल्यांदा गेले असते.

पिसदुऱ्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. तेथे हाडांबरोबर अश्मीभूत विष्ठाही मिळते. आमच्यापैकी कोणी ती उचलली नाही. कपाटात कोण ठेवणार? पण २००५ मध्ये संशोधकांनी तिच्यात गवताचे सिलिकाकण दाखवले. डायनोसॉरांच्या काळी निरनिराळ्या जातींचे गवत उगवत होते, हे त्यावरून कळले. माझ्या हाडाने मात्र एवढ्या वर्षांत कोणाला काही सांगितलेले नाही.

एक गृहस्थ म्हणाले, "तुम्ही उचलले नसते तर नांगराने चुरा केला असता." हे खरे आहे आणि त्याला माझ्यापाशी पूर्ण उत्तर नाही. उघड्यावर आलेले हाड एकदोन पावसाळ्यांत फुटून जाते. उचलणाऱ्यांचे उपकारही आहेत : ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनने १८२८ मध्ये जबलपूरच्या टेकडीवर शेपटीचे मणके उचलले, म्हणून तर १८७७ मध्ये लायडेकरला 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव देता आले. पुढे ते मणके नजरेआड झाले, ते झालेच. त्यांतला एक २०१२ मध्ये कलकत्त्यातच भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा हाती लागला. लायडेकरने वर्णन लिहून चित्रे छापली होती, म्हणून त्याला ओळख तरी उरली होती. माझा तुकडा उद्या कपाटामागे पडला तर झाडूवाली तो अंगणात टाकील, आणि तिची चूक होणार नाही.

शिवाय या हाडांना थराचे महत्त्व फार. आपल्या महाविद्यालयाच्या भिंतींतला काळा फत्तर ज्या लाव्हाचा, त्याच्याच तळाशी आणि दोन थरांच्या मधल्या गाळात ही हाडे सापडतात. लाव्हा वाहू लागण्यापूर्वीचा प्राणी की नंतरचा, हा प्रश्न साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सर्वनाशाशी जोडलेला आहे. खिशात घातलेल्या हाडाला थर नसतो.

तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, सहलीला अवश्य जा. वही, फूटपट्टी, मऊ ब्रश आणि छायाचित्रे घेण्याची सोय बरोबर ठेवा. हातोडे घरी ठेवा. शेतमालकाला विचारल्याखेरीज बांध ओलांडू नका. काही दिसले तर आधी जागेवरच मोजा, चित्र काढा, खुणेची झाडे नि विहिरी टिपा. मोठे हाड जमिनीत रुतलेले असेल तर ते उपटू नका. ओल्या कागदाचा थर आणि प्लॅस्टरमध्ये भिजवलेले गोणपाट लपेटल्याखेरीज अनुभवी माणसेही तसले हाड हलवीत नाहीत. वर माती सारा आणि नागपूरला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात कळवा. नांगराखाली जाणारा सुटा तुकडा उचलावाच लागला, तर नोंदीसकट तेथेच पोहोचवा. आमच्या कपाटासाठी नको.

आमच्या हाडाची चिठ्ठी मी मागच्या आठवड्यात बदलली. 'जि. चंद्रपूर' च्या पुढे आता 'नेमकी जागा व थर अज्ञात' असे लिहिले आहे, आणि खाली माझी सही.