ग्रंथपाल हा ‘पुस्तकवाला’ नव्हे!



महाविद्यालयात शिकवणाऱ्याला सगळे ‘सर’ म्हणतात. ग्रंथपाल मात्र ‘लायब्ररीवाला’! प्राध्यापक त्याला आपल्यात धरत नाहीत आणि आम्ही ऑफिसवालेही धरत नाही. धड शिक्षक नाही, धड कारकून नाही. मग हा माणूस आहे तरी कोण? आधी लोक विचारतात, पुढे तो स्वतःच स्वतःला विचारू लागतो.

कागदोपत्री उत्तर केव्हाच मिळाले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत महाविद्यालयीन ग्रंथपाल आणि सहायक प्राध्यापक यांची सुरुवातीची वेतनश्रेणी एकच आहे. पण पगार सारखा झाला म्हणून मान सारखा मिळत नाही. फळ्यापुढे उभा राहील तोच शिक्षक, ही समजूत आपल्या मनात घट्ट बसली आहे.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांचेच पाहा. ते मद्रासला गणिताचे अध्यापक होते. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा त्यांना या कामाचा इतका कंटाळा आला की ते परत शिकवायला निघाले होते! पण लंडनला जाऊन तिथली ग्रंथालये पाहिली आणि त्यांची दृष्टी बदलली. परत आले ते कायमचे ग्रंथपाल म्हणून. पुस्तक जपून ठेवण्यासाठी नसते, वापरण्यासाठी असते, हे त्यांनी १९३१ साली नियम म्हणून मांडले. ज्या दिवशी हे पटले, त्या दिवशी त्यांचा ‘मी कोण?’ हा प्रश्न सुटला.

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. तिथले शां. शं. रेगे यांना जुनी मंडळी आजही ग्रंथपाल म्हणूनच ओळखतात. त्या पदाचा मान असा होता.

आपल्यातला कुणी ग्रंथपाल झाला की त्याच्यावर आणखी एक शिक्का बसतो. आधी आडनाव विचारतात, मग ‘कोट्यातून का?’ त्याने किती वाचले, किती मुलांना वाचते केले, हे कुणी विचारत नाही. असा माणूस दोन्हीकडून पुसला जातो.

आणि याची किंमत आपली मुले मोजतात. घरातला पहिलाच मुलगा कॉलेजात जातो. घरी पुस्तक नाही, क्लासला पैसा नाही. कुठले पुस्तक मागायचे हेही त्याला ठाऊक नसते. ‘बाळ, विषय कोणता?’ असे विचारून नेमके पुस्तक हातात देणारा हा त्याचा खरा शिक्षक नव्हे काय?

आज कित्येक महाविद्यालयांत ही जागा रिकामी आहे. ‘पुस्तकेच तर द्यायची’ म्हणून एखाद्या कारकुनाकडे चार्ज देतात. मी स्वतः कारकून आहे, म्हणून सांगतो. नोंदवही मीही भरेन, दंडाची पावती मीही फाडेन. पण कोणत्या मुलाला कोणते पुस्तक लागेल, हे मला कळणार नाही. ते शिक्षण वेगळे, ती नजर वेगळी.

तेव्हा पालकांनो, प्रवेश घेताना एक प्रश्न जरूर विचारा : तुमच्याकडे पूर्णवेळ ग्रंथपाल आहे का? आणि ग्रंथपाल बंधू-भगिनींनो, लोक ‘सर’, ‘मॅडम’ म्हणण्याची वाट पाहू नका. काउंटरपुढे बुजून उभ्या असलेल्या मुलाला आधी तुम्ही हाक मारा. तुम्ही कोण, हे तो जन्मभर विसरणार नाही.