आधी फिजिओने तपासायचे की सर्जनने? ‘डॉक्टर’ शब्दाच्या भांडणात मूळ प्रश्न बाजूला

हैदराबाद : पंजागुट्ट्याचे निम्स सीमाभागाला नवे नाही. १९६० च्या दशकात ते निझाम ऑर्थोपेडिक हॉस्पिटल म्हणूनच सुरू झाले. नांदेड, देगलूर, किनवट, बिदर इथले गुडघे-कंबरेचे पेशंट आजही रात्रीची गाडी धरून हैदराबाद गाठतात. यातल्या बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही, व्यायाम आणि औषधावर भागते. तरी नंबर लावायचा तो सर्जनकडेच.

ब्रिटनमध्ये यावर वाट काढली गेली. हाडांच्या ओपीडीत जादा शिक्षण घेतलेला अनुभवी फिजिओथेरपिस्ट पेशंटला आधी तपासतो, लागल्यास एमआरआय सांगतो आणि ऑपरेशनची शक्यता असलेले पेशंट सर्जनकडे पाठवतो. २०१३ पासून तिथे पात्र फिजिओंना स्वतः औषध लिहून देण्याची मुभाही आहे.

आपल्याकडे २०२१ च्या आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने फिजिओथेरपिस्टला तपासणीचा आणि स्वतंत्र प्रॅक्टिसचा आधार दिला. पण चर्चा अडकली ती नावाआधीच्या ‘डॉ.’वर. ९ सप्टेंबर २०२५ ला केंद्रीय आरोग्य महासंचालनालयाने फिजिओंनी ही उपाधी लावू नये असे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतले.

सर्जनांची अडचण कुठे?

ऑपरेशननंतर पेशंटला चालता करायला फिजिओ लागतोच, यावर सर्जनांचे दुमत नाही. खटका उडतो तो पहिल्या तपासणीवर. आपल्याकडे कंबरदुखीमागे मणक्याचा टीबी निघू शकतो, कधी हाडात पसरलेला कॅन्सर. पाय बधीर होऊन लघवीवरचा ताबा गेला तर तासांचा हिशेब असतो. असा पेशंट व्यायामावरच राहिला आणि उशीर झाला तर नातेवाईक कॉलर कुणाची धरणार? ओपीडीच्या कागदावर नाव सर्जनचेच असते.

ही भीती खोटी नाही. खासगीत मात्र कन्सल्टेशन फी कुणाच्या नावावर पडणार, हे गणितही त्यात मिसळलेले आहे. आणि बिनगरजेच्या पेशंटची रांग कमी झाली तर सर्जनलाच थिएटरसाठी वेळ मिळतो, हा हिशेब कमी मांडला जातो.

तोडगा लेखी हवा

कोणती लक्षणे दिसताच पेशंट त्याच दिवशी सर्जनकडे जाईल, एमआरआय कोण सांगेल, जबाबदारी कुणाची, हे हॉस्पिटलने लिहून ठेवले तर निम्मा वाद मिटेल. फिजिओने सर्जनच्या शेजारच्या खोलीत बसून सुरुवात केली तर उरलेलाही निवळेल.

सीमाभागासाठी हा प्रश्न खिशाचा आहे. आरोग्यश्री तेलंगणाच्या कार्डधारकांची, नांदेडकराला ती लागू नाही. नांदेडचे शासकीय मेडिकल कॉलेज किंवा आदिलाबादचे रिम्स इथेच अशी पहिली चाळणी लागली, तर ‘ऑपरेशन नको, व्यायाम करा’ एवढे ऐकायला हैदराबादचा हेलपाटा पडणार नाही.