टेम्पलचे दफ्तर

लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील कोलाहलातून एखाद्या अरुंद बोळाने दक्षिणेस वळले, की थेम्सच्या दिशेने उतरत जाणारी टेम्पलची प्रांगणे आणि उद्याने दृष्टीस पडतात. आणि ११८५ साली जेरुसलेमच्या धर्माधिपतींच्या हस्ते पवित्र झालेले, १९४१ च्या बॉम्बवर्षावात होरपळूनही पुन्हा उभे राहिलेले तेथील वर्तुळाकार चर्च पाहताना कोणाचेही मन क्षणभर नम्र व्हावे, हे स्वाभाविकच आहे. १६०८ साली पहिल्या जेम्स राजाने ही भूमी इनर टेम्पल व मिडल टेम्पल या दोन विधिसंस्थांना सनदेने दिली ती या अटीवर, की त्यांनी विद्यार्थ्यांच्या निवासाची व शिक्षणाची सोय करावी आणि हे चर्च सांभाळावे. ती अट आजही पाळली जाते. परीक्षांबरोबरच ठरावीक भोजनांना हजर राहिल्यावाचून बॅरिस्टरीची सनद मिळत नसे, ही प्रथा गांधीजींना निरर्थक वाटली होती. ज्या काळी विद्यार्थी थोडे होते आणि ज्येष्ठांच्या पंक्तीस बसून त्यांचे संभाषण ऐकणे हेच निम्मे शिक्षण होते, त्या काळी मात्र ती अत्यंत शहाणपणाची होती, असे मला वाटते.

परंतु आपल्याकडील प्रवासवर्णनांत दगड, तुळया आणि झगे यांचेच कौतुक फार होते. या वसाहतीचे खरे प्राचीनत्व तिच्या दफ्तरात आहे, आणि परंपरेची परीक्षाही तेथेच होते. १९२२ हे एकच वर्ष घ्या. त्या वर्षी इनर टेम्पलने आयव्ही विल्यम्स यांना इंग्लंडमधील पहिली स्त्री बॅरिस्टर म्हणून सनद दिली; टेम्पलच्या उत्तरेस असलेल्या ग्रेज इनने भीमराव आंबेडकरांना बॅरिस्टर केले; आणि त्याच वर्षी, राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झालेल्या गांधीजींचे नाव इनर टेम्पलने आपल्या पटावरून काढून टाकले. त्यापूर्वी, १९०९ साली, याच संस्थेने श्यामजी कृष्णवर्मांचे नाव कमी केले होते, आणि ग्रेज इनने परीक्षा उत्तीर्ण झालेल्या सावरकरांना सनद नाकारली होती. शतकानुशतके कायद्याचे पावित्र्य जपणाऱ्यांचा विवेक साम्राज्याच्या प्रश्नापाशी येताच असा डळमळला.

इनर टेम्पलने १९८८ साली गांधीजींचे आणि २०१५ साली श्यामजींचे नाव पुन्हा पटावर घेतले. मृतांना त्याचा काय उपयोग, असे विचारणारे भेटतात. पण आपल्या पूर्वसूरींचा निवाडा चुकला हे जी संस्था स्वतःच्या दफ्तरात लिहून ठेवते, तिच्या नव्या विद्यार्थ्याला अधिकाराच्या मर्यादेचा धडा पहिल्याच दिवशी मिळतो, आणि हा उपयोग मला थोडा वाटत नाही.

मुंबईलाही हे अपरिचित नाही. १९०८ साली ज्या न्यायालयात लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेथेच १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी लोकमान्यांच्या त्या वेळच्या उद्गारांची शिला अनावृत केली. आता याच्या पुढे जावे. स्वातंत्र्यलढ्यातील सहभागामुळे ज्या वकिलांवर आपल्या न्यायालयांनी कारवाई केली, त्या प्रकरणांचे निकाल व मूळ कागद जिल्ह्याजिल्ह्यांच्या वकील संघांनी शोधून काढावेत, छापावेत, आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या हाती द्यावेत.