मालक नसलेला मोहल्ला

२०१९ च्या नोव्हेंबर महिन्यात भारतातले हजारो लोक अचानक एका अनोळखी ठिकाणी जाऊन आपलं नाव नोंदवू लागले. त्या ठिकाणाचं नाव मॅस्टोडॉन. नाव हत्तीच्या एका नामशेष झालेल्या भाईबंदाचं, आणि चिन्हही सोंडवाल्या प्राण्याचंच. निमित्त घडलं ते सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद होण्याचं. त्यांनी खात्यावर एक जुनं छायाचित्र लावलं होतं. १९३६ सालातलं, जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या जहाजबांधणी कारखान्यातलं. सारे कामगार हात पुढे करून नाझी सलामी देत आहेत आणि त्या गर्दीत एकटा माणूस हाताची घडी घालून उभा आहे. जुलमाला नकार देणाऱ्या माणसाचं हे चित्र ट्विटरला द्वेष पसरवणारं वाटलं. खातं एकदा परत मिळालं, मग एका हिंदी कवितेच्या जुन्या पोस्टवरून पुन्हा गेलं.

तेव्हा रागावून निघालेल्यांत वकील होते, पत्रकार होते, दलित आणि मुस्लिम कार्यकर्तेही होते. त्यांचं म्हणणं असं की आम्हाला रोज शिव्या घालणाऱ्यांची खाती शाबूत राहतात आणि आमची मात्र एका चित्रावरून जातात. हे म्हणणं किती खरं, किती रागातलं, यावर वाद घालता येईल. पण एक गोष्ट त्या दिवसांत बऱ्याच जणांच्या पहिल्यांदा लक्षात आली. आपण ज्या घरात इतकी वर्षं राहतोय ते भाड्याचं आहे आणि घरमालक कधीही कुलूप लावू शकतो.

मॅस्टोडॉन २०१६ मध्ये ऑयगन रोख्को नावाच्या जर्मनीतल्या एका विशीतल्या तरुणाने सुरू केलं. त्याची रचना समजावून सांगताना लोक ईमेलचं उदाहरण देतात. तुमचा ईमेल एका कंपनीचा, माझा दुसरीचा, तरी पत्र पोहोचतं. मला त्याहून आपल्या कोकणातल्या जमातींचं उदाहरण जवळचं वाटतं. प्रत्येक मोहल्ल्याची जमात वेगळी, तिचे विश्वस्त वेगळे, वर्गणी वेगळी, कायदेकानू वेगळे. तरी या मोहल्ल्याचा माणूस त्या मोहल्ल्यात लग्नाला जातो, दुखवट्याला जातो, सलाम-दुआ चालू असते. साऱ्या मोहल्ल्यांचा मिळून एक मालक नसतो. मॅस्टोडॉनवर मोहल्ल्याला सर्व्हर म्हणतात. कुणीही स्वतःच्या खर्चाने सर्व्हर चालवू शकतो, आणि एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्यावरच्या माणसाशी बोलू शकतो. मध्ये जाहिरात नाही. तुम्ही काय पाहावं हे ठरवणारं यंत्र तुमच्या पोस्टच्या यादीत बसवलेलं नाही. ज्यांना तुम्ही फॉलो करता त्यांचं लिखाण वेळेच्या क्रमाने दिसतं, एवढंच.

ऐकायला छान आहे. मग गेलेले लोक परत का आले?

कारण तेव्हा पहिल्याच पानावर प्रश्न यायचा, कोणता सर्व्हर निवडणार? फेसबुकने आपल्याला असा प्रश्न कधी विचारला नव्हता. नवखा माणूस इथेच अडायचा. यादीत कुणी कलाकारांचा सर्व्हर चालवतो, कुणी शास्त्रज्ञांचा, कुणी एखाद्या शहराचा. आपण कोण? शिक्षिका? मराठी? आई? बहुतेक जण शेवटी कंटाळून सर्वात मोठ्या, मूळ सर्व्हरवर जायचे आणि मोहल्ले निवडण्याची सारी कल्पना तिथेच बाजूला पडायची. अकरावीच्या प्रवेशाचा फॉर्म भरताना कॉलेजांची भली मोठी यादी पाहून जसं मुलं ‘जवळचं कोणतं ते टाका’ म्हणतात, तसंच हे.

आत गेल्यावर दुसरा धक्का बसतो तो शांततेचा. पान रिकामं. आपण कुणालाच फॉलो केलेलं नाही, म्हणून काहीच दिसत नाही. आपल्या आवडीनिवडी ओळखून समोर ताट वाढणारं कुणी नाही. माझी एक भाची पुण्यात शिकते, तिने खातं उघडून चौथ्या दिवशी मला फोन केला. म्हणाली, “खाला, ईदच्या दुसऱ्या दिवशीच्या बाजारात आल्यासारखं वाटतंय. दुकानं आहेत, माणूस नाही.” मी तिला म्हटलं, माणसं असतील, तू आवाज दे. तिने उर्दू सुलेखनाचे आपले दोन नमुने टाकले. दोन दिवसांनी एका अनोळखी बाईंनी प्रतिसाद दिला. कौतुक नव्हतं, विनंती होती. चित्रात काय आहे ते शब्दांत लिहाल का, मला दिसत नाही. आंधळ्या माणसांचं मोबाइल वाचून दाखवणारं यंत्र असतं, ते चित्राखालचं वर्णन वाचतं. मॅस्टोडॉनवर असं वर्णन लिहिण्याची रीत इतकी पक्की आहे की न लिहिणाऱ्याला नवखा म्हणून लगेच ओळखतात. भाचीने मग अलिफ कसा उभा आहे, नूनचं पोट किती खोल आहे, हे सहा ओळींत लिहिलं. दहा वर्षं इन्स्टाग्राम वापरून तिला हे कधी कुणी विचारलं नव्हतं.

ही त्या जागेची चांगली बाजू आणि मला ती मनापासून आवडते. एका पोस्टला पाचशे अक्षरांची जागा मिळते, त्यामुळे वाक्य पुरं करता येतं. पसंतीचं चिन्ह दाबलं तर त्याची सूचना लिहिणाऱ्याला जाते, पोस्ट त्यामुळे आपल्या फॉलो करणाऱ्यांपर्यंत पसरत नाही; पसरवायची तर वेगळं बटण आहे. दुसऱ्याची पोस्ट आपल्या टोमण्यासह पुढे ढकलण्याची सोय त्यांनी कितीतरी वर्षं मुद्दाम दिलीच नव्हती. एखाद्या मुलीचं वाक्य उचलून, वर खवचट ओळ लिहून, हजारो लोकांना तिच्यावर सोडायचं, हा खेळ आपण ट्विटरवर पाहिलेला आहे. तो इथे अवघड करून ठेवला होता. शाळेच्या आवारात मारामाऱ्या कुठे होतात हे पाहून मैदानाचा आराखडा बदलावा, तसा हा प्रकार.

पण सभ्यतेचीही एक गोम असते. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलर मोजून ट्विटर घेतलं आणि मॅस्टोडॉनवर खरी लाट आली. दोन महिन्यांत दरमहा वापरणाऱ्यांची संख्या २५ लाखांवर गेली. त्या लाटेत अमेरिकेतले बरेच कृष्णवर्णीय लोकही होते. मॅस्टोडॉनवर एखाद्या मजकुरावर पडदा घालता येतो. वर लिहायचं ‘अन्नाविषयी’, ‘आजाराविषयी’, आणि ज्याला वाचायचं तो पडदा सारून वाचेल. सोय चांगली आहे. पण या नव्या लोकांनी आपल्याला रोज सोसाव्या लागणाऱ्या वर्णद्वेषाविषयी लिहिलं, तेव्हा जुन्या रहिवाशांतल्या काहींनी त्यांना सांगितलं, यावरही पडदा घाला, आम्हाला त्रास होतो. अनेकांनी याबद्दल जाहीर लिहिलं आणि निघून गेले.

आपल्या घरांतून हे वेगळं समजावून सांगायला नको. “आता तो विषय कशाला?” हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी, अत्यंत गोड आवाजात, ऐकलेलं आहे. घर भाड्याने का मिळालं नाही, हे सांगायला लागलं की समोरचा चहा पुढे करतो. त्यामुळे सुसंस्कृत लोकांचा मोहल्ला म्हणजे आपल्यालाही जागा असलेला मोहल्ला, असं मी तरी धरून चालत नाही. तिथले जुने रहिवासी प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतले, संगणकाच्या धंद्यातले. त्यांच्या सवयी हाच तिथला अदब झाला.

लाट ओसरलीही लवकर. जानेवारी २०२३ च्या सुरुवातीला आकडा १८ लाखांवर आला होता आणि पुढे आणखी उतरला. २०१९ ला गेलेल्या आपल्या लोकांपैकीही बहुतेक ट्विटरवर परतले. त्यांना नावं ठेवू नयेत. माणूस जिथे माणसं आहेत तिथे जातो. गावातल्या जमातीचा ग्रुप, कुवेत-दोह्यातले चुलते, मुलांच्या शाळेच्या सूचना, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर असताना एकट्याने जाऊन दुसरीकडे बसायचं, तर बोलायचं कुणाशी? पुढे थ्रेड्स आलं, ब्लूस्काय फेब्रुवारी २०२४ पासून सगळ्यांना खुलं झालं. ब्लूस्कायची बांधणीही एका मालकाच्या हाती सारं राहू नये अशा विचाराची आहे, पण नवख्याला ते हुबेहूब जुन्या ट्विटरसारखं दिसतं, सर्व्हरचा प्रश्न पहिल्या पानावर अडवत नाही, म्हणून तिकडे गर्दी जास्त झाली.

आता आपल्या मुलींच्या बाबतीतला मुद्दा. जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा १ जानेवारी २०२२ ला काय झालं ते या मासिकाच्या वाचकांना आठवत असेल. मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रं समाजमाध्यमांवरून उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडला गेला. दोन्ही वेळा तो गिटहब या संगणक कार्यक्रम ठेवण्याच्या ठिकाणी होता. तक्रारी झाल्या, गिटहबने ते काढलं, दुसऱ्या वेळी मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने काही दिवसांतच अटका केल्या. तिथे निदान विचारायला एक कंपनी होती, तिचं कार्यालय होतं. भारतातल्या २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मोठ्या कंपन्यांवर तर इथे माणसं नेमण्याचं बंधन आहे.

मॅस्टोडॉनवर तक्रार जाते ती तुमच्या सर्व्हर चालकाकडे. तुम्ही ठरवलं तर तिची प्रत त्रास देणाऱ्याच्या सर्व्हरलाही जाते. चालक बहुतेक ठिकाणी स्वयंसेवक, दिवसा नोकरी करणारा, रात्री तक्रारी पाहणारा. भला असेल तर कंपनीच्या यंत्रापेक्षा लवकर आणि माणुसकीने दखल घेतो, त्रास देणाऱ्याला आपल्या मोहल्ल्यात बंदी करतो. एखादा अख्खा सर्व्हरच वाईट निघाला तर त्याच्याशी व्यवहार तोडतो. २०१९ च्या जुलैत गॅब नावाच्या, द्वेषासाठी बदनाम असलेल्या अमेरिकन मंचाने मॅस्टोडॉनचाच कार्यक्रम घेऊन स्वतःचा सर्व्हर थाटला. बाकीच्या असंख्य सर्व्हरनी त्याच्यावर बहिष्कार घातला. पण गॅब बंद झालं नाही. आपल्या कुंपणाआड त्यांचं सारं चालूच राहिलं, कारण ते बंद करण्याचा अधिकार कुणालाच नाही, रोख्कोलाही नाही. ज्या रचनेने हेगडेंसारख्या माणसाचं तोंड एका फटक्यात बंद होत नाही, त्याच रचनेने द्वेष करणाऱ्याचंही होत नाही. ही गोष्ट मुलीला खातं उघडून देण्याआधी आईबापांनी नीट समजून घेतली पाहिजे.

आणखी दोन गोष्टी पहिल्या आठवड्यातच कळलेल्या बऱ्या. खासगी म्हणून पाठवलेला निरोप तिथे कुलूपबंद नसतो, सर्व्हर चालकाने मनात आणलं तर तो वाचू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपसारखी गुप्तता तिथे नाही. आणि खासगी निरोपात तुम्ही एखाद्या तिसऱ्या माणसाचं खात्याचं पूर्ण नाव लिहिलंत तर तो निरोप त्यालाही पोहोचतो. म्हणजे भाभीला लिहिताना नणंदेचं खातं नावासकट लिहिलं, की नणंद बसली गप्पांत येऊन.

सर्व्हर बंदही पडतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये हजारो सभासद असलेल्या एका सर्व्हरच्या चालकाने भांडणांना विटून तीन महिन्यांनी बंद करतो असं जाहीर केलं आणि केलं. माणसं दुसरीकडे गेली, फॉलो करणारेही त्यांच्याबरोबर नेता आले, पण जुन्या पोस्ट नेता आल्या नाहीत. बिऱ्हाड हलवताना भांडीकुंडी आली, भिंतीवरचं लिहिलेलं मागे राहिलं. रोख्को स्वतःही नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रमुखपदावरून बाजूला झाला आणि कारभार संस्थेकडे गेला. मालकीचा मोह सोडणारे या धंद्यात फार नाहीत, म्हणून नोंदवते.

आमच्या शाळेत नववीच्या वर्गात मी हे सारं सांगितलं, तेव्हा पहिला प्रश्न आला, “मॅडम, मग पैसे कोण देतं?” जाहिरात नाही म्हटल्यावर पोरांना तेच कोडं वाटलं. वापरणारेच देणगी देतात, म्हटलं. मागच्या बाकावरून लगेच आवाज, “म्हणजे चंदा!” बरोबर, चंदाच. नववीच्या मुलांनी अजून तिथे जाऊ नये, मूळ मोठ्या सर्व्हरची अटच सोळा वर्षांची आहे, हेही सांगितलं. त्यावर वर्गात जी शांतता पसरली तीवरून किती जणांनी इतर ठिकाणी वय खोटं लिहिलंय याचा अंदाज आला.

भाचीने आता सर्व्हर बदलायचं ठरवलंय. गेल्या आठवड्यात तिने चार सर्व्हरची नियमांची पानं मला पाठवली आणि म्हणाली, तुम्ही वाचा. एकाने चालक कोण आहे हेच लिहिलेलं नव्हतं, तो आम्ही पहिल्या झटक्यात काढला. दुसऱ्याच्या नियमात धर्मावरून होणाऱ्या द्वेषाचा शब्दही नव्हता. तिसरा जर्मन भाषेत. चौथ्याचे नियम नऊ ओळींचे आहेत, त्यात धर्म आहे, वंश आहे, महिन्याचा खर्च किती आणि देणगी किती जमली याचा हिशेब शेवटी मांडलाय, आणि तक्रार केली तर किती दिवसांत उत्तर मिळेल हेही लिहिलंय. आधी एक तक्रार करून बघू का, असं ती विचारते आहे. मी म्हटलं, कर.