लिलावात गेलेल्या मिळकती आणि जुने भाडेकरू : मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सोलापूर
मार्फत : मा. तहसीलदार, मोहोळ
प्रत माहितीसाठी : मा. मुख्याधिकारी, मोहोळ नगरपरिषद

महोदय,

1 मार्च 1947 नंतर फाळणीमुळे देश सोडून गेलेल्यांच्या मिळकती 1950 च्या कायद्याने 'निष्क्रांत मालमत्ता' ठरून कस्टोडियनच्या (सरकारी अभिरक्षकाच्या) ताब्यात गेल्या. पुढे 1954 च्या पुनर्वसन कायद्याखाली केंद्र सरकारने त्या संपादित केल्या आणि त्यातल्या कित्येक लिलावाने विकल्या. आधी मूळ मालक, मग कस्टोडियन, मग लिलाव खरेदीदार असे मालक बदलत गेले. मोहोळ बाजारपेठेतल्या अशा गाळ्यात बसणारा भाडेकरू मात्र तोच राहिला. आता त्याच्या नातवाला वकिलाची नोटीस येते की तुमचा ताबा बेकायदा आहे, जागा खाली करा.

आमच्या एका सभासदाच्या घरी आजोबांच्या वेळच्या भाडेपावत्या तारेला ओवून ठेवलेल्या आहेत. तळाला कस्टोडियनच्या, वर खरेदीदाराच्या. भाडे आण्यांतून नव्या पैशांत गेले, भाडेकरूचे नाव तेच. नंतर मालकाच्या वारसांनी भाडे घेणेच बंद केले. मनीऑर्डर केली तर 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत, आणि वर्षभराने थकबाकीची नोटीस! ही रीत आता सर्रास झाली आहे.

1954 च्या कायद्याच्या कलम 29 ने, अधिसूचित वर्गातल्या मिळकतीत कायदेशीरपणे राहणाऱ्याला नव्या मालकाचा भाडेकरू मानले, तेही जुन्याच अटींवर. भाडे थकवणे, लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे अशी ठराविक कारणे सोडली तर जास्तीत जास्त दोन वर्षांच्या विहित मुदतीत त्याला काढता येत नव्हते. समोरचे वकील नेमकी ही दोन वर्षे दाखवतात : मुदत संपली, हक्क संपला. आमचे म्हणणे असे की मुदत संपली ती त्या खास संरक्षणाची. भाडेकरूपणही तिच्याबरोबर संपते असे त्या कलमात कुठेही लिहिलेले नाही. सरकार मालक असेपर्यंत भाडेनियंत्रण कायदा लागू नव्हता हे मान्य. पण मिळकत खासगी हातात गेली, तशी ती सूटही गेली.

31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, 1999 अमलात आहे. त्याखाली थकबाकीच्या कारणावरून जागा खाली करून घेण्याचा दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि नव्वद दिवस थांबावे लागते. भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. हा कायदा अनुसूचीतल्या क्षेत्रांपुरता आहे. म्हणून मोहोळचे जुने गावठाण आणि नंतरची वाढीव हद्द त्यात कुठे बसते, याचा लेखी खुलासा तहसील कार्यालयाने फलकावर लावावा. जिथे तो लागू नाही तिथेही मालमत्ता हस्तांतरण कायद्याची नोटीस आणि न्यायालयाचा हुकूम लागतोच. रात्रीतून कुलूप बदलणे कोणत्याच कायद्यात नाही.

आमची मुख्य मागणी मात्र कागदांची आहे. सर्वांत मोठी बोली लागली एवढ्याने विक्री पूर्ण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्ये बॉम्बे सॉल्ट अँड केमिकल इंडस्ट्रीजच्या खटल्यात सांगितले. तेव्हा जागा मागणाऱ्याने आधी विक्री प्रमाणपत्र दाखवावे : तारीख कोणती, चतुःसीमा काय, आमचा गाळा त्यात येतो का. हे कागद आम्ही कुठून आणायचे? 2005 मध्ये संसदेने 1950 आणि 1954 चे हे दोन्ही कायदे रद्द केले. कायदे गेले, दप्तर राहिले. जिल्ह्यातल्या निष्क्रांत मिळकतींची नोंदवही, लिलावाच्या फायली आणि विक्री प्रमाणपत्रांच्या प्रती जिथे असतील तिथून काढून भाडेकरूंना पाहायला व नक्कल घ्यायला मिळाव्यात. फाइल गहाळ असेल तर तसे लेखी द्यावे, म्हणजे न्यायालयात निदान तेवढे तरी मांडता येईल.

नगरपरिषदेकडे मागणे छोटे आहे, पण निकडीचे. असेसमेंट उताऱ्यातील भोगवटादाराचे नाव मालकाच्या एका अर्जावर कमी होते आणि भाडेकरूला ते कळते कर भरायला गेल्यावर. नोटीस आणि सुनावणी झाल्याशिवाय हे नाव कमी करू नये. इमारत धोकादायक ठरवताना भाडेकरूला पाहणी अहवालाची प्रत द्यावी. पाडावीच लागली तर कोणाची किती जागा होती त्याचे मोजमाप आधी करून ठेवावे.

'शत्रू संपत्ती आहे, सरकार जप्त करणार' अशी भीती घालून काही जणांकडून सह्या घेतल्या जातात. शत्रू संपत्तीचा कायदा 1968 चा, आणि तो वेगळा. निष्क्रांत म्हणून नवी मिळकत जाहीर करणे तर 7 मे 1954 पासूनच बंद झाले. एवढे दोन ओळींचे जाहीर प्रकटन आपल्या कार्यालयाने काढले तरी पुष्कळ फसवणूक टळेल.

लिलाव खरेदीदारांशी आमचे वैर नाही. त्यांतले बरेच जण स्वतः सिंध-पंजाबात घरदार सोडून आलेले होते आणि नुकसानभरपाईच्या दाव्यापोटी त्यांनी या मिळकती घेतल्या. त्यांची मालकी आम्ही नाकारत नाही. वाजवी भाडेवाढीवर बोलायलाही तयार आहोत, पावती मिळणार असेल तर.

तहसीलदार, नगरपरिषद, भूमी अभिलेख कार्यालय, मालक आणि भाडेकरू यांची एकत्र बैठक आपण मोहोळ येथे लावावी. आम्ही पावत्या घेऊन येऊ, मालकांनी विक्री प्रमाणपत्रे आणावीत.

आपले,
मोहोळ बाजारपेठेतील जुने भाडेकरू
(संघटनेच्या वतीने)