कोप्यांवरही मोजणी झाली पाहिजे

2011 साली आपल्या धाराशिव जिल्ह्याची लोकसंख्या 16,57,576 भरली. 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे अजून त्याच आकड्यावर गाडा चाललाय. अन्नसुरक्षेच्या धान्यासाठी महाराष्ट्राला सुमारे सात कोटी माणसांची मर्यादा ठरली ती 2011 च्या मोजणीवरून. मग रेशनकार्डात पोराचं नाव लावायला गेलं की ‘इष्टांक संपला’ हे उत्तर ठरलेलं.

आता माणसांची मोजणी आहे 2027 च्या फेब्रुवारीत. नेमकी ऊसगाळपाच्या भरात! वाशी, भूम, कळंबकडची कितीतरी घरं तेव्हा कुलपात असतात. म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं गावात, बाकीचे कोल्हापूर-सांगलीच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडात.

आजवरचा नियम असा, की मोजणीचे सगळे दिवस बाहेर असलेला माणूस गावच्या घरात धरत नाहीत. तो असेल तिथे मोजायचा. म्हणजे फडावरच्या कोपीवर, तोडणीवाल्यांच्या झोपडीवर, प्रगणक पोचला नाही, तर तो कुठेच नाही. जातनिहाय गणनेवरून पारावर तावातावाने बोलणारे पुष्कळ आहेत, कोप्यांचा विषय मात्र कुणी काढत नाही.

तोडणीला जाणाऱ्या भावा-बहिणींनो, प्रगणक आला नाही तर तिथल्या ग्रामपंचायतीत जाऊन सांगा. तान्हं लेकरूसुद्धा नोंदवा. ‘ते काय धरायचं’ म्हणून तेच आधी सुटतं. आकडा तिकडच्या गावात जमा होईल, हे खरं. पण आधी कुठे राहत होता, गाव का सोडलं, हे विचारतील तेव्हा गाव, तालुका, धाराशिव जिल्हा स्पष्ट सांगा. पोटासाठी इथून किती माणसं बाहेर पडतात, हे सरकारदरबारी त्याच उत्तरातून दिसतं. हंगामी वसतिगृहं, फडावरची अंगणवाडी मागायची तर हातात तो आकडा हवा. घाबरू नका. 1948 च्या जनगणना कायद्याने ही माहिती गुप्त असते. ओटीपी मात्र कुणालाही देऊ नका.

मुकादमांनो, कुठल्या फडात किती कोयते आहेत हे तुमच्या वहीत आणि कारखान्याच्या शेतकी खात्यात लिहिलेलं असतंच, तोडीचा हिशोबच त्यावर चालतो. ती यादी जानेवारीतच तिथल्या तहसीलदारांकडे द्या.

आणि गावात राहिलेल्यांनो, 26 जानेवारीच्या ग्रामसभेत कोणतं घर कुठल्या कारखान्यावर आहे ते लिहून काढा, आणि मोजणी सुरू झाली की एकेकाला फोन लावून विचारा: नाव लिहून घेतलं का?